गुहागरात एक रिकामा दिवस कसा काढावा

पहिल्यांदा गुहागरला गेलो तेव्हा आम्ही पाच जण होतो आणि यादीत नऊ ठिकाणं होती. सकाळी साडेसातला पोहे अर्धवट टाकून निघालो. गोपाळगड, वेळणेश्वर, हेदवीचा दशभुजा गणपती, तिथलीच बामणघळ, मग तवसाळला फेरीबोटीत गाडी चढवून जयगड, आणि ‘एवढे आलोच आहोत तर’ म्हणून गणपतीपुळे. बामणघळीत पोचलो ते ऐन ओहोटीला. भरतीचं पाणी त्या चिरेत घुसून उसळतं ते बघायला लोक जातात. आम्ही कोरडा कातळ बघून आलो. रात्री साडेनऊला मुक्कामाच्या घरी पोचलो तेव्हा घरमालकीण काकू आमटी तिसऱ्यांदा गरम करत होत्या. नऊपैकी सहा ठिकाणं झाली होती आणि राहिलेल्या तिनांवरून गाडीत भांडणही झालं होतं.

त्यानंतर चार वेळा गेलोय. आता तीन दिवसांतला मधला दिवस आम्ही कुठेच जात नाही. त्या दिवशी गाडीची चावी काकूंच्या देवघराशेजारच्या खुंटीला टांगलेली असते आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळीच उतरते. हे ऐकून बरेच जण म्हणतात, ‘त्यात काय, आम्हीही नुसते आराम करायलाच जातो.’ मग त्यांचे फोटो येतात आणि त्यात सात देवळं असतात.

रिकामा दिवस आपोआप मिळत नाही. पाच माणसं, एक गाडी आणि एक मोबाइल एकत्र आले की कार्यक्रम आपोआप तयार होतो. म्हणून खालचं सगळं लिहितोय. आम्ही गुहागरला जातो म्हणून उदाहरणं तिथली आहेत. हर्णै-मुरुडपासून तारकर्लीपर्यंत कुठेही गेलात तरी बराचसा भाग तसाच लागू पडेल.

१. माणसं ठरवा, आणि मग वाढवू नका

चार ते सहा. त्यापेक्षा जास्त झाले की दोन गाड्या लागतात आणि दोन गाड्या म्हणजे दिवसभर ‘तुम्ही कुठे पोचलात?’ चालू. सात-आठ जणांत दोन गट पडतात, एकाला समुद्रावर जायचं असतं तेव्हा दुसरा आंघोळीला बसलेला असतो.

ओळख जुनी असावी. नवीन माणसासमोर शांत बसलं की अवघडायला होतं, मग कुणीतरी उगाच विषय काढतं. ज्याच्याबरोबर अर्धा तास न बोलता बसता येतं, तो माणूस या दिवसाला लायक. ऑफिसमधला एखादा चांगला सहकारी असेल तर त्याला खुशाल दुसऱ्या सहलीला न्या.

२. तारीख पंचांग बघून काढा

मुहूर्तासाठी नाही, भरती-ओहोटीसाठी. हा भाग नीट वाचा, कारण नव्या माणसांचा निम्मा विरस इथेच होतो. सकाळी हौसेने किनाऱ्यावर जावं आणि पाणी सुरूंच्या मुळाशी आलेलं असावं. चालायला वाळूच नाही.

किनाऱ्यावरची जुनी माणसं एक सोपा हिशोब करतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी साडेतीनच्या आसपास भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी, आणि रोज वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हा हिशोब ढोबळ आहे, गावागावाप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण चालायला कधी जायचं हे ठरवायला पुरतो. पोहायला किंवा बोटीत जाणार असाल तर मात्र तेवढ्यावर भागवू नका, गावात विचारा.

आमची आवडती तिथी पौर्णिमेनंतरची किंवा अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असतं, म्हणजे पाणी जसं जास्त चढतं तसंच लांबवर उतरतंही. द्वितीयेला भरती दीडच्या सुमारास, म्हणजे सकाळी सात-आठला ओहोटी आणि संध्याकाळी सूर्य बुडताना पुन्हा पाणी मागे जात असतं. दोन्ही वेळेला ओली, टणक, चालायला उत्तम वाळू. दुपारी भरती असते तेव्हा तुम्ही झोपलेले असता. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. तेही वाईट नाही, पण उधाणाची मजा त्यात नाही.

वार मंगळवार-बुधवार-गुरुवार असा काढा. सुट्टी टाकावी लागेल, टाका. शनिवार-रविवारला जोडून आलेली सुट्टी, ३१ डिसेंबर आणि दिवाळीनंतरचा आठवडा टाळा. महाशिवरात्रीला व्याडेश्वराला गर्दी असते. बऱ्याच कोकणस्थ घराण्यांचं ते कुलदैवत, त्यामुळे माणसं लांबून येतात. दर्शनाला जायचं असेल तर तोच दिवस चांगला, शांततेसाठी नाही.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये आंबे-फणस असतात हे खरं, पण घामाने पत्तेसुद्धा हाताला चिकटतात. पावसाळ्यात गुहागर सुंदर दिसतं, मात्र समुद्रात पाय घालायचा नाही आणि जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असल्याने माशांच्या आशेने जाऊ नका.

३. घर निवडताना फोनवर काय विचारायचं

हॉटेल नको. घरगुती राहण्याची सोय बघा. गुहागरची रचना अशी, की गावातून एक लांबलचक रस्ता समुद्राला समांतर जातो, दोन्ही बाजूंना घरं. रस्त्याच्या समुद्राकडच्या अंगाला घर असेल तर मागे माडा-पोफळींचं आगर, आगराच्या टोकाला एक छोटं दार किंवा बेडं, आणि ते ओलांडलं की सुरूचं बन आणि वाळू. चप्पल न घालता समुद्रावर जाता येतं. दुसऱ्या अंगाला घर असेल तर प्रत्येक वेळी रस्ता ओलांडून, कुणाच्या तरी बोळातून जावं लागतं, आणि तिसऱ्या वेळी कंटाळा येतो. तेव्हा पहिला प्रश्न हाच: ‘घर समुद्राच्या अंगाला आहे का?’

बाकीचे प्रश्न:

- ओसरी किंवा अंगण पाहुण्यांना वापरता येतं का? नुसती खोली मिळून उपयोग नाही. दिवस ओसरीवर जायचा आहे.
- झोपाळा आहे का? आणि पाच जण बसले तर चालेल का? (हसू नका. एका ठिकाणी कडी निघाली होती.)
- जेवण घरीच मिळेल का, आणि किती आधी सांगायचं?
- घर शाकाहारी आहे का? गुहागरात अशी घरं पुष्कळ आहेत. अशा घरी बाहेरून मासे आणून खोलीत खाणं बरं दिसत नाही. मासे हवे असतील तर तशी खाणावळ किंवा तसं घर आधीच बघा.
- लाईट गेली तर काय सोय?
- रात्री किती वाजेपर्यंत अंगणात बोलत बसलं तर चालेल?

शेवटचा प्रश्न विचारला की समोरच्या काकू लगेच मऊ होतात. कारण बाकीचे लोक तो विचारत नाहीत.

एक सापळा सांगतो. जाहिरातीत ‘समुद्र पाच मिनिटांवर’ असं असतं. चालत की गाडीने, ते विचारा. आम्ही एकदा विचारलं नव्हतं.

४. पोचायचं कसं

रेल्वेने चिपळूण, तिथून एसटी किंवा रिक्षाने साधारण ४५ किलोमीटर. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, जुन्या वेळांवर जाऊ नका. पुण्याहून गाडीने आलात तर सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण. दापोलीकडून येणार असाल तर दाभोळ-धोपावे फेरीबोट घ्या, लांबचा वळसा वाचतो आणि गाडीतून उतरून दहा मिनिटं वारा खाता येतो.

पोचण्याचा दिवस हा रिकामा दिवस धरू नका. त्या दिवशी अंगात घाट असतो.

५. काय बरोबर घ्यायचं

कागदपत्रं थोडी आहेत, पण एकाकडे तरी सगळी असू द्या:

- प्रत्येकाचं आधार किंवा दुसरं ओळखपत्र. घरगुती सोयीतही नोंदवही असते.
- गाडीचं आरसी, विमा, पीयूसी आणि चालवणाऱ्याचं लायसन्स. डिजिलॉकरमध्ये असेल तर चालतं, पण घाटात रेंज नसते, म्हणून आधीच उघडून ठेवा.
- थोडी रोकड. यूपीआय सगळीकडे आहे; रेंज गेली की कुठेच नाही.

सामान:

- पत्त्यांचे दोन कॅट. एक हरवतो किंवा ओला होतो.
- ओडोमॉस. संध्याकाळी आगरात डास असतात आणि ते पाहुणा ओळखतात.
- विजेरी. मोबाइलच्या उजेडात आगरातून चालताना एक हात अडकतो.
- पंचा, जुनी चप्पल, एक जास्तीची अर्धी चड्डी.
- घाट लागणाऱ्यासाठी उलटीची गोळी, ओआरएसची दोन पाकिटं, रोजची औषधं.
- एखादं पुस्तक. वाचलं जाणार नाही, पण छातीवर ठेवून झोपायला बरं.

ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा. यावर आमच्यात वाद आहे आणि मी जिंकलेलो आहे.

६. आदली संध्याकाळ: खरं काम इथे आहे

रिकाम्या दिवसाची सगळी कामं आदल्या संध्याकाळी सातच्या आत उरका. एकदा उजाडलं की काहीही ठरवायचं नाही, एवढा एकच नियम पाळा.

(अ) काकूंना चारही वेळेचं सांगून टाका: सकाळचा चहा किती वाजता, नाश्ता काय, जेवायला काय, रात्री काय. ‘काहीही चालेल’ हे उत्तर देऊ नका. त्यांना ते अजिबात उपयोगाचं नसतं आणि मग आयत्या वेळी त्या विचारायला येतात, तुम्ही एकमेकांकडे बघता.

(आ) उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशीच सांगा आणि आकडा नक्की सांगा. उकड काढायची, नारळ खवायचे, सारण शिजवायचं, कळ्या पाडायच्या, हे सकाळी दहाला आठवण होऊन एक वाजता होणारं काम नाही. एरवी दोन पोळ्या खाणारा माणूस पाच-सहा मोदक आरामात खातो. आम्ही पाच जणांना पंचवीस सांगितले होते. कमी पडले.

(इ) बाजारपेठेतून जे लागेल ते आणून ठेवा: बिस्किटं, फळं, ज्यांना लागतं त्यांना सिगारेट. ‘जरा कोपऱ्यावर जाऊन येतो’ म्हणून गाडी काढणारा माणूस दोन तासांनी वेळणेश्वरहून फोन करतो.

(ई) गाडीची चावी काकूंकडे द्या.

(उ) घरच्यांना फोन करून सांगा, की उद्या दिवसभर फोन लागला नाही तरी काळजी करू नका.

७. प्रत्यक्ष दिवस

*सकाळ.* सहा-साडेसहाला जो उठेल त्याने बाकीच्यांना उठवू नये. चहा पिऊन मागच्या दाराने बाहेर पडावं.

गुहागरचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सूर्य तुमच्या पाठीमागून, माडांच्या आणि सुरूंच्या मागून वर येतो, त्यामुळे उजाडल्यावरही बराच वेळ वाळूवर सावली असते. समुद्राच्या आतल्या लाटांवर ऊन पडलेलं असतं आणि तुम्ही उभे असता ती वाळू गार. नवखे लोक दहा वाजता टोपी आणि क्रीम लावून येतात आणि भाजून जातात. सातला जा, नऊला परत या.

ओहोटीच्या ओल्या वाळूवर बारक्या खेकड्यांनी भोकाभोवती वाळूच्या गोळ्यांची नक्षी मांडलेली असते, मोहरीएवढ्या, साबुदाण्याएवढ्या गोळ्या, मध्यापासून बाहेर ओळी गेलेल्या. पाय जवळ आला की खेकडा आत. दोन मिनिटं न हलता उभं राहिलात तर तो परत येतो, वाळू तोंडाशी नेतो आणि एक गोळी बाजूला टाकतो. आमच्यातला एक जण, जो एरवी सिग्नलला तीस सेकंद थांबू शकत नाही, तो यापाशी वीस मिनिटं उकिडवा बसला होता.

किनारा लांबलचक आहे, सहज तासभर एका दिशेने चालता येतं. आम्ही दक्षिणेला असगोलीच्या बाजूला चालतो. परत किती चालायचंय याचा अंदाज घेऊन वळा, कारण परतताना ऊन चढलेलं असतं.

*नाश्ता.* घावणे सांगितले असतील तर सगळ्यांनी एकदम ताटावर बसण्यात अर्थ नाही. घावन तव्यावरून एकेक उतरतो आणि गरमच खायचा असतो. स्वयंपाकघराच्या दाराशी पाळी लावा. ज्याची पाळी नाही त्याने नारळ खवून द्यावा. काकू पहिल्यांदा ‘राहू दे हो’ म्हणतात. दुसऱ्यांदा विळी पुढे सरकवतात.

*दहा ते एक.* हा दिवसातला अवघड पट्टा. आंघोळी झालेल्या असतात, पोट भरलेलं असतं, आणि नेमकं याच वेळी कुणीतरी म्हणतं, ‘मग, आता काय?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही. दहा मिनिटं कुणी उत्तर दिलं नाही की तो विरतो. विचारणारा झोपाळ्यावर जाऊन बसतो आणि कड्यांची कुरकुर सुरू होते.

हिवाळ्यात गेलात तर अंगणात सुपारी वाळत घातलेली दिसेल. काका सोलायला बसले असतील तर शेजारी बसा. सुपारी सोलणं दिसतं तेवढं सोपं नाही, अंगठा सांभाळा. आगराचं शिपण चाललं असेल तर पाण्याच्या पाटात पाय सोडून बसता येतं. मात्र माडाखाली खुर्ची टाकू नका. नारळ आवाज करून पडत नाही. पडल्यावर आवाज होतो.

अगदीच राहवलं नाही तर चालत व्याडेश्वरापर्यंत जा, दर्शन घ्या, पेठेतून पोह्याचे पापड आणि आगळ घेऊन चालत या. इथे एक बारीक सूचना: आगळ आणि कोकम सरबत या वेगळ्या गोष्टी. आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, सोलकढीला. सरबतात साखर असते. घाईत आगळ घेऊन त्याचं सरबत करून पाहुण्यांना देणारा माणूस आमच्या ग्रुपमध्ये आहे. तो हे वाचत असेल.

*जेवण आणि दुपार.* मोदक पानात आला की त्याचं नाक फोडायचं आणि त्या भोकातून आत तूप सोडायचं. वरून ओतलं तर ते पानात वाहून जातं. वालाचं बिरडं, भात, सोलकढी, आणि मग बोलण्याची ताकद उरत नाही. झोपा. गजर लावू नका.

*साडेतीन नंतर.* चहा आणि पत्ते. चौघे असाल तर मेंढीकोट, दोन-दोनच्या जोड्या, प्रत्येकी १३ पानं. सहा जण असाल तर चारही दुऱ्या काढून टाका, ४८ पानं उरतात, प्रत्येकी आठ. पाच जणांची अडचण असते: ५२ पानं पाचांत बसत नाहीत. दोन दुऱ्या काढा, प्रत्येकी दहा, आणि जजमेंट खेळा (आपण किती हात करणार ते प्रत्येकाने आधी बोलायचं). मेंढीकोटात जोडीदार चुकला की चिडचिड होते. जजमेंटमध्ये ज्याचा त्याचा हिशोब, म्हणून पाच जणांत शांतता टिकते. पैसे लावू नका. हरणाऱ्याने पुढचा चहा आणावा, एवढं पुरे.

गेल्या खेपेला जजमेंटच्या सातव्या डावात आमच्यातल्या एकाने पानं पिसता पिसता सांगितलं, की नोकरी जाऊन चार महिने झालेत आणि घरी अजून सांगितलेलं नाही. आम्ही महिन्यातून दोनदा भेटतो, ग्रुपवर रोज बोलतो. कुणालाच माहीत नव्हतं. एकाने हातातली पानं उलटी ठेवली. तो म्हणाला, ‘ठेवू नको रे, खेळ.’ मग पानं वाटली गेली, प्रत्येकाने आपापले हात बोलले, आणि त्या डावात, पुढच्या डावात, हळूहळू सगळं बोलणं झालं. समोरासमोर बसवून ‘बोल, काय झालं’ विचारलं असतं तर तो नक्की म्हणाला असता, काही नाही.

*संध्याकाळ.* नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, मेमध्ये सातच्या. अर्धा तास आधी जाऊन बसा. फोटो काढायचा तर एकाने एकच काढायचा आणि तो सगळ्यांना पाठवायचा.

पाण्यात जायचं तर गुडघ्यापर्यंत, उजेड असेपर्यंत, आणि आधी गावातल्या माणसाला विचारून. ओहोटीचं पाणी आत ओढतं. जो पोहायला येतं म्हणतो, त्याला विचारा: विहिरीत की समुद्रात? प्यायलेल्या माणसाला पाण्यात जाऊ देऊ नका. तो कितीही चांगला मित्र असला तरी, किंबहुना असला तर नक्कीच.

गाडी वाळूवर नेऊ नका. ओली वाळू टणक वाटते, गाडी थांबवली की चाक रुततं, आणि भरती वाट बघत नाही. आमच्याच एका मित्राची गाडी पहिल्या सहलीत रुतली. ट्रॅक्टर येईपर्यंत पाणी दारापर्यंत आलं होतं. ट्रॅक्टरवाल्याने पैसे घेतले आणि बघायला जमलेल्या पोरांनी फुकट सल्ले दिले.

*रात्र.* पिठलं-भाकरी, ताक. ओसरीवरचा दिवा बंद केलात की डास कमी होतात आणि समुद्राचा आवाज वाढतो. दहानंतर आवाज खाली. एखादा नारळ पडतो, शेजारचं कुत्रं दोनदा भुंकतं. कुणी झोपायला गेलं तर ‘बस रे अजून’ म्हणून अडवू नका.

८. पॉइंटवाल्याचं काय करायचं

सगळे पॉइंट बघायचेच असा हट्ट धरणारा प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतो. तो वाईट नसतो. उलट रेल्वेची तिकिटं, घराचं बुकिंग त्यानेच केलेलं असतं. त्याला बसवत नाही एवढंच. त्याला चिडवून उपयोग नाही. उपाय दोन आहेत.

एक, तिसरा दिवस त्याच्या हवाली करा. ‘परवा सकाळी हेदवी, वेळणेश्वर, तू सांगशील तसं’ असं आदल्या दिवशीच कबूल करा आणि ते पाळा. मग मधल्या दिवशी तो यादी करण्यात रमतो. बामणघळीची भरतीची वेळ त्यालाच काढायला सांगा.

दोन, त्याला काम द्या. आमच्याकडे पैशाचा हिशोब त्याच्याकडे असतो. सुरुवातीलाच प्रत्येकाने सारखी कॉन्ट्री त्याच्याकडे जमा करायची, सगळा खर्च त्यातून, आणि शेवटी उरलेलं परत. दर चहाला ‘मी देतो, मी देतो’ होत नाही आणि रिकाम्या दिवशी पाकीट खिशात लागतच नाही.

९. फोन

पूर्ण बंद करा असं सांगणार नाही. घरी म्हातारी माणसं असतात, मुलं असतात. एकाचा फोन आवाजासह चालू ठेवा आणि तो नंबर सगळ्यांच्या घरी देऊन ठेवा. बाकीचे खोलीत चार्जिंगला. पहिला तासभर हात खिशाकडे जातो. जेवणानंतर जात नाही.

१०. निघताना

काकूंचे पैसे आदल्या रात्रीच चुकते करा. सकाळी अंगणात उभं राहून हिशोब करण्यात निरोप नीट होत नाही. जेवणाचा दर माणशी ठरला असला तरी जास्तीचे मोदक, पाच-सहा वेळचा चहा धरून द्या. त्या स्वतः होऊन सांगणार नाहीत.

काका नारळ देतील. नको म्हणू नका, पण शहाळी घेत असाल तर पैसे द्या. नारळ गोणपाटात घट्ट बांधून मागच्या सीटच्या पायाशी ठेवा. डिकीत सुटे टाकलेत तर कुंभार्ली घाटाच्या प्रत्येक वळणावर ते एका बाजूहून दुसऱ्या बाजूला गडगडत जातात, आणि मागे झोपलेला माणूस प्रत्येक वेळी दचकून विचारतो, ‘काय धडकलं?’